आरोप वर्णद्वेषाचा, उत्तर सेवाभावी चळवळीचं

'कॉमिक रिलीफ' ही ब्रिटनमधली मोठी सेवाभावी संस्था. टीव्हीवर विनोदी कार्यक्रम करायचे, लोकांना हसवायचं आणि त्यातून गरिबांसाठी पैसे उभे करायचे, ही तिची पद्धत. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्या कामासाठी युगांडात गेलेल्या स्टेसी डूली या निवेदिकेने तिथल्या एका लहान मुलाला कडेवर घेतलेला फोटो समाजमाध्यमावर टाकला. खासदार डेव्हिड लॅमी यांनी त्यावर जाहीर टीका केली. जगाला आता आणखी गोरे तारणहार नकोत, असं ते म्हणाले. आफ्रिका म्हणजे असहाय मुलं आणि त्यांना उचलून घेणारा गोरा पाहुणा, हे ठरलेलं चित्र त्यांना खटकत होतं.

संस्थेने उत्तर दिलं: याबद्दल आम्ही माफी मागणार नाही. आणि आफ्रिकेत फिल्म करता का, असं आम्ही लॅमींनाच विचारलं होतं, त्यांच्याकडून काही उत्तर आलं नाही. लॅमी म्हणाले, हे खरं नाही. झालं! मूळ मुद्दा राहिला बाजूला आणि कोणी कोणाला विचारलं होतं यावरच वाद रंगला.

खरं तर लॅमी जे म्हणत होते ते संस्थेने आधीच मान्य केलेलं होतं. २०१७ मध्ये गायक एड शीरन यांच्यासोबत लायबेरियात केलेल्या फिल्मवर हीच टीका झाली होती. त्यानंतर, २०१८ मध्ये, संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख लिझ वॉर्नर यांनी अशा छापाच्या फिल्मपासून आम्ही दूर जाणार आहोत असं सांगितलंही होतं. म्हणजे 'हो, हे आम्ही बदलू म्हणालो होतो, अजून पुरतं जमलेलं नाही, इथवर आलोय' एवढं म्हणणं पुरेसं होतं. ते सुचलं नाही. मार्च २०१९ मधल्या कार्यक्रमात ६ कोटी ३० लाख पौंड जमले, २०१७च्या तुलनेत जवळपास ८० लाखांनी कमी. काहींनी त्याचं खापर लॅमींवर फोडलं. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये संस्थेने जाहीर केलं की प्रसिद्ध व्यक्तींना आफ्रिकेत पाठवणं बंद, तिथल्या गोष्टी तिथलेच चित्रकर्ते सांगतील. वीस महिन्यांनी दिलेलं हे उत्तर पहिल्याच आठवड्यात देता आलं नसतं का?

असे प्रसंग गेल्या काही वर्षांत अनेक सेवाभावी संस्थांवर आणि चळवळींवर आले. आरोप झाला की बहुतेक जण दोहोंपैकी एक करतात. एक तर हात झटकतात, नाहीतर घाईघाईने लोटांगण घालतात. वरवर पाहता ही दोन टोकं. पण दोन्हींच्या मुळाशी इच्छा एकच असते, हे प्रकरण एकदाचं मिटावं. मला वाटतं चुकतं ते तिथेच. वर्णद्वेषाच्या आरोपाला चांगलं उत्तर बहुधा कंटाळवाणं आणि लांबलचक असतं. त्यात चौकशी असते, आकडे असतात, तारखा असतात, आणि दर वर्षी परत येऊन 'कुठवर आलं' हे सांगणं असतं.

चांगुलपणाच आड येतो

नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीवर असा आरोप झाला तर तिथल्या लोकांना राग येतो, भीतीही वाटते. सेवाभावी संस्थेत याच्या जोडीला आणखी एक भावना असते: आपल्यावर अन्याय झाला. कमी पगारात, घरदार सोडून, कधी जीव धोक्यात घालून आम्ही ज्यांच्यासाठी राबतो, त्यांच्याचबद्दल आमच्या मनात द्वेष आहे असं कोणी म्हणूच कसं शकतं? ही भावना खोटी नसते. पण तिच्या भरात माणूस जे बोलतो ते महागात पडतं.

'ऑक्सफॅम'चं उदाहरण घ्या. २०१०च्या भूकंपानंतर हैतीत काम करणाऱ्या तिच्या काही कर्मचाऱ्यांचं लैंगिक गैरवर्तन २०१८ मध्ये उघड झालं. हा आरोप थेट वर्णद्वेषाचा नव्हता, पण उत्तर देण्याचा धडा तोच आहे. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख मार्क गोल्डरिंग यांनी 'गार्डियन' वृत्तपत्राला सांगितलं की हल्ल्याची तीव्रता पाहून वाटतं, आम्ही काय पाळण्यातल्या बाळांचे खून केले की काय! काही दिवसांतच संसदीय समितीपुढे त्यांना या वाक्याबद्दल माफी मागावी लागली. नियमित देणगी देणाऱ्या सुमारे ७,००० जणांनी तोवर संस्थेची साथ सोडली होती. गोल्डरिंग दुष्ट माणूस होते असं कोणी म्हणणार नाही. त्यांनी फक्त दुखावलेल्या मनाने उत्तर दिलं.

या जागी एक साधी गोष्ट आठवावी. संस्थेच्या हिशेबात पैसे कमी भरले, तर 'आमचे खजिनदार फार सज्जन आहेत' असं सांगून कोणी सुटत नाही. वह्या काढल्या जातात, बाहेरचा तपासनीस येतो, आणि त्याला बोलावणं हा खजिनदाराचा अपमान आहे असं कोणाला वाटत नाही. वर्णद्वेषाच्या तक्रारीतही पहिला प्रश्न हाच हवा: काय घडलं आणि कोणाच्या बाबतीत? आमचा हेतू काय होता, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा.

आरोप नक्की कशाचा?

'तुमची संस्था वर्णद्वेषी आहे' या एका वाक्यात अगदी वेगवेगळ्या गोष्टी भरलेल्या असू शकतात. कोणी अधिकारी सहकाऱ्याला अपमानास्पद बोलला असेल. देणग्या मिळवण्यासाठी वापरलेली चित्रं लोकांना केविलवाणं दाखवत असतील. पगार, बढती, सुरक्षितता यांचे नियमच असे असतील की एका वर्णाचे लोक कायम खाली राहतात. किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या संस्थापकाचं काहीतरी वर आलेलं असेल. या सगळ्यांना एकच निवेदन लागू करणं म्हणजे सगळ्या दुखण्यांना एकच पुडी.

यांतला समजायला सर्वांत कठीण प्रकार तिसरा, म्हणजे संस्थात्मक वर्णद्वेष. ही कल्पना सार्वजनिक चर्चेत ठळकपणे आली ती ब्रिटनमधल्या एका पोलीस प्रकरणातून. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि पोलिसांनी तपासाची माती केली. न्यायमूर्ती विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशीचा अहवाल १९९९ मध्ये आला. पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी केलेल्या व्याख्येचा आशय असा: एखादी संस्था लोकांना त्यांच्या रंगामुळे, संस्कृतीमुळे किंवा वंशामुळे योग्य सेवा देण्यात सामूहिकपणे कमी पडते. हे नकळत असलेल्या पूर्वग्रहातून, अज्ञानातून, बेफिकिरीतून आणि ठोकळेबाज समजुतींतून घडतं.

'नकळत' हा यातला कळीचा भाग. याचा अर्थ, संस्थेतला एकही माणूस मनातून द्वेष करत नसला तरी संस्थेचा कारभार भेदभाव करू शकतो. मग 'आमच्यात तसं कोणी नाही' हे उत्तर खरं असूनही गैरलागू ठरतं. ज्या दिवशी हा फरक संस्थेच्या विश्वस्तांना कळतो, त्या दिवसापासून बैठकीतला आवाज खाली येतो, कारण आता कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करायचा नसतो. पगारपत्रकं आणि बढत्यांच्या याद्या बघायच्या असतात.

हजार सह्यांचं पत्र

'मेडिसाँ सां फ्रॉन्टियर' (मराठीत आपण तिला सीमेपलीकडचे डॉक्टर म्हणू) ही वैद्यकीय मदत करणारी संघटना १९७१ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झाली आणि १९९९ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. हिच्याइतका नैतिक दबदबा असलेल्या संघटना जगात मोजक्याच. जुलै २०२० मध्ये तिच्या सुमारे १,००० आजी-माजी कर्मचाऱ्यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. संघटनेत संस्थात्मक वर्णद्वेष आहे, असं त्यात म्हटलं होतं, आणि स्वतंत्र चौकशीची मागणी होती.

तक्रारीचा गाभा समजून घ्यायचा तर संघटनेची रचना पाहावी लागते. तिच्या कर्मचाऱ्यांपैकी साधारण दहातले नऊ जण ज्या देशात काम चालतं तिथलेच असतात. पण मोहिमा ठरवणारी, पैसा वाटणारी मुख्य केंद्रं बरीचशी पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, जिनिव्हा, बार्सिलोना अशा युरोपीय शहरांत. बाहेरून येणारा डॉक्टर 'आंतरराष्ट्रीय', आणि त्याच्याशेजारी त्याच वॉर्डात वर्षानुवर्षं काम करणारा डॉक्टर 'स्थानिक'. पगार वेगळे, सोयी वेगळ्या, वर चढण्याच्या वाटा वेगळ्या. संकट आलं की कोणाला बाहेर काढायचं याचे नियमही वेगळे. यातल्या प्रत्येक नियमाला कधीतरी काहीतरी व्यावहारिक कारण होतं. स्थानिक बाजारपेठेनुसार पगार द्यावेत, हा विचार अगदीच निराधार नाही. नाहीतर सरकारी दवाखान्यातली माणसं ओढली जातात. पण हे सगळे नियम एकावर एक रचले की जे चित्र उभं राहतं, त्यात ठरवणारे बहुतेक गोरे आणि ठरवलेलं निभावणारे बहुतेक कृष्णवर्णीय किंवा सावळे असतात.

संघटनेचे तेव्हाचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष क्रिस्टोस क्रिस्टू यांनी पत्राला विरोध केला नाही. त्याचं स्वागत केलं आणि बदलाला यातून वेग येईल असं म्हटलं. एवढं तर कोणीही म्हणेल. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नेतृत्वाने कामाची क्षेत्रं ठरवून दिली: गैरवर्तनाच्या तक्रारी कशा हाताळायच्या, पगार आणि सवलती, कोणाला किती धोका पत्करावा लागतो, भरती आणि प्रशिक्षण, देणग्यांसाठीची चित्रं आणि भाषा, निर्णय घेणाऱ्या मंडळांची घडण, रुग्णांना मिळणारी वागणूक. पुढच्या वर्षांत यावर प्रगतीचे अहवाल प्रसिद्ध झाले.

टीकाकारांचं समाधान झालं का? नाही. बदल फार सावकाश होतोय, मूळ सत्ता जागची हललेली नाही, अशी टीका होत राहिली. मला त्यात बरंच तथ्य वाटतं. तरीही फरक बघा. आता भांडण 'भेदभाव आहे की नाही' यावर नाही, किती कमी झाला यावर आहे. अहवालात लिहिलेलं आणि प्रत्यक्षात झालेलं ताडून पाहता येतं. टीकाकाराच्या हातात आपण होऊन मोजपट्टी देणं, हे संस्थेला सोपं नसतं.

चळवळीला मुख्यालय नसतं

इथवर संस्थांविषयी बोललो. चळवळीचं दुखणं आणखी वेगळं. संस्थेला नोंदणी असते, विश्वस्त असतात, कोणाला तरी काढून टाकता येतं. चळवळ म्हणजे एक विचार मानणारी माणसं, अनेक छोट्यामोठ्या संस्था, काही मोठे देणगीदार आणि काही प्रसिद्ध चेहरे. मग आरोप झाल्यावर बोलायचं कोणी?

'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' म्हणजे परिणामकारक परोपकार ही चळवळ या पेचात सापडली. आपला पैसा जिथे सर्वांत जास्त जीव वाचवेल तिथे द्यावा, मग ती माणसं आपल्यापासून किती का दूर असेनात, असं ती सांगते. मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्यांवर तिने पुष्कळ पैसा वळवला, आणि त्याचा लाभ मुख्यतः आफ्रिकेतल्या कुटुंबांना झाला. पण चळवळीत वावरणारी माणसं बहुतांश गोरी, बहुतांश पुरुष, आणि तिची केंद्रं ऑक्सफर्ड, लंडन, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास.

जानेवारी २०२३ मध्ये या वर्तुळातले नामवंत तत्त्वज्ञ, ऑक्सफर्डचे निक बॉस्ट्रम यांनी नव्वदच्या दशकातला आपला एक ई-मेल स्वतःच प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल माफी मागितली. कृष्णवर्णीयांच्या बुद्धिमत्तेविषयी त्यात अत्यंत अपमानकारक विधान होतं, एक शिवीही होती. माफीनाम्यात त्यांनी ती भाषा निंद्य ठरवली. पण वेगवेगळ्या गटांच्या बुद्धीतल्या फरकामागे आनुवंशिक कारणं आहेत का, यावर मात्र हा माझा विषय नाही, ते मी इतरांवर सोडतो, असं लिहिलं. लोकांना नेमकं हेच खुपलं. शब्द मागे घेतले, पण विचाराचं काय? ज्याला माफी मागायची आहे त्याने त्याच कागदावर विद्वत्चर्चेला दार उघडं ठेवू नये, एवढं तारतम्य हवं होतं.

चळवळीतल्या 'सेंटर फॉर इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' या संस्थेने तेव्हा छोटंसं निवेदन काढलं. सर्व माणसं समान मोलाची आहेत हा आमचा पायाभूत विश्वास आहे आणि हे शब्द आम्ही स्पष्टपणे धिक्कारतो, असा त्याचा सूर होता. त्यावर दोन्हीकडून टीका झाली. काहींना ते छापील, ठोकळेबाज वाटलं. काहींना वाटलं की जुन्या ई-मेलवरून एका विचारवंताला वाऱ्यावर सोडलं. त्यात दोनच महिन्यांपूर्वी चळवळीचा मोठा देणगीदार सॅम बँकमन-फ्रीड याची क्रिप्टो कंपनी कोसळली होती, त्यामुळे सगळ्यांचेच संयम संपत आलेले.

माझ्या मते निवेदन छोटं आणि ठाम होतं हे बरंच झालं. अशा वेळी लांबण लावली की प्रत्येक वाक्यातून नवा वाद निघतो. पण निवेदनावर काम संपत नाही. 'ते त्यांचं वैयक्तिक मत, चळवळीचा संबंध नाही' असं म्हणणं सोयीचं असतं. मात्र ज्याचं नाव इतकी वर्षं अभिमानाने मिरवलं त्याच्याशी संबंध नाही, हे लोकांना पटत नाही. चळवळीला कोणाला बडतर्फ करता येत नसेल, पण तीन गोष्टी तिच्यातल्या मोठ्यांच्या हातात नक्की असतात: पैसा कोणाला मिळतो, व्यासपीठावर कोणाला बोलावलं जातं आणि पुढच्या पिढीतल्या कोणाला घडवलं जातं. खरं उत्तर त्या यादीत दिसतं. ज्यांचे प्राण वाचवण्यासाठी पैसा जातो त्या देशांतली माणसं पैसा कुठे जावा हे ठरवायला बसतात की नाही, हे पुढच्या काही वर्षांत कोणालाही तपासता येतं.

माफी आणि चौकशी

माफीविषयी थोडक्यात. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत' हे वाक्य संस्थांनी कायमचं पुसून टाकावं. यात दोष ऐकणाऱ्याच्या नाजूक मनावर जातो. काय केलं, ते चूक का होतं, कोणाचं नुकसान झालं आणि आता काय बदलणार, हे साध्या शब्दांत सांगितलं की पुरे. ब्रिटनमध्ये लोकांना मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या 'सिटिझन्स ॲडव्हाइस'च्या प्रशिक्षणातली एक स्लाइड ऑगस्ट २०१९ मध्ये बाहेर आली. अल्पसंख्य वंशांच्या समाजांबरोबर काम करताना येणाऱ्या अडचणी म्हणून तिच्यात रोखीवर चालणारी संस्कृती, फार कमी साक्षरता अशा गोष्टींची यादी होती. संस्थेने माफी मागून ते साहित्य काढून टाकलं, ते योग्यच. पण प्रश्न असा पडतो की ती स्लाइड बनवताना, तपासताना, शिकवताना इतक्या जणांच्या नजरेखालून गेली आणि कोणालाच खटकली नाही? की खटकली, पण बोलायची सोय नव्हती? याच प्रसंगातून 'चॅरिटी सो व्हाइट' ही मोहीम उभी राहिली आणि इतर संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनीही आपापले अनुभव सांगायला सुरुवात केली. स्लाइड काढून टाकता येते, पण तिच्यावर आक्षेप घेण्याची हिंमत कोणाला का झाली नाही, हे शोधायला चौकशीच लागते.

आणि चौकशीचा खरा कस लागतो तो तीन जागी: चौकशी करणारा कोणी निवडला, तो कोणाला अहवाल देतो, आणि अहवाल बाहेर येतो का. 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल' ही मानवी हक्कांसाठी लढणारी संघटना. जगभरच्या सरकारांना ती पारदर्शकतेचा जाब विचारते. २०२० मध्ये तिने आपल्या आंतरराष्ट्रीय सचिवालयाची बाहेरच्या सल्लागारांकडून पाहणी करून घेतली. वरिष्ठांच्या तोंडी वर्णद्वेषी शब्द, आक्षेप घेतला की 'तू फारच हळवा आहेस' असं उत्तर, कृष्णवर्णीय सहकाऱ्यांच्या केसांना न विचारता हात लावणं, त्यांच्या कामाच्या कुवतीवर सतत शंका, असं बरंच काही त्यात निघालं. अहवाल २०२० मध्येच तयार होता, पण त्याची मोठी चर्चा झाली ती एप्रिल २०२१ मध्ये, वृत्तपत्राने बातमी केल्यावर. चौकशी करवून घेण्याचं श्रेय संघटनेला द्यायला हवं. पण गाजावाजा न होता अहवाल पडून राहिला आणि वर्तमानपत्राने तो उचलला, की लोकांच्या नजरेत ती लपवाछपवीच ठरते, मग आत काहीही हेतू असो. २०२२ मध्ये संघटनेच्या ब्रिटिश शाखेच्या स्वतंत्र चौकशीतही संस्थात्मक वर्णद्वेष असल्याचा निष्कर्ष निघाला. तो शाखेने जाहीरपणे स्वीकारला.

तक्रार करणाऱ्याचं काय होतं, हे मात्र निवेदनांत क्वचितच सापडतं. अशा संस्थांत कंत्राटं छोट्या मुदतीची असतात, वर्तुळ लहान असतं, पुढच्या नोकरीसाठी शिफारस याच साहेबांची लागते. त्यामुळे पुष्कळदा ज्याच्यावर तक्रार आहे तो पदावर राहतो आणि तक्रारदार संस्था सोडून जातो. गोपनीयतेचा करार करून, थोडे पैसे देऊन त्याची बोळवण होते. कोणत्याही संस्थेची नियत ओळखायची असेल तर मी एकच गोष्ट विचारेन: गेल्या पाच वर्षांत अशा तक्रारी केलेल्यांपैकी किती जण अजून इथे काम करतात?

मेलेल्या संस्थापकांचं काय?

हा विषय वर्तमानपत्रांना फार आवडतो, म्हणून इथे फार वेळ घालवत नाही. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'सिएरा क्लब' या १८९२ साली स्थापन झालेल्या निसर्गसंवर्धन संघटनेचे संचालक मायकेल ब्रून यांनी संस्थापक जॉन म्यूर यांच्या वर्णद्वेषी उद्गारांचा जाहीर उल्लेख केला आणि संस्थेच्या इतिहासाबद्दल माफी मागितली. पुढच्या वर्षी, संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष राहिलेले ॲरन मेअर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनीच त्यावर आक्षेप घेतला. म्यूर यांचं चित्र चुकीचं रंगवलं आणि मंडळाशी नीट चर्चाही केली नाही, असं त्यांचं म्हणणं. घाईच्या माफीचा हा नमुना म्हणावा लागेल. दुसरीकडे पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या 'नॅशनल ऑडुबॉन सोसायटी'ने ज्यांचं नाव ती लावते ते जॉन जेम्स ऑडुबॉन गुलाम बाळगत होते हे मान्य करूनही मार्च २०२३ मध्ये नाव कायम ठेवलं. तीन संचालकांनी राजीनामे दिले आणि सिएटल, न्यूयॉर्कसारख्या शाखांनी आपापली नावं बदलली. नाव बदलावं की ठेवावं यावर प्रामाणिक माणसांचेही मतभेद होऊ शकतात. पण मेलेल्या माणसाचा निवाडा करणं हे जिवंत अधिकाऱ्याच्या पगारपत्रकात हात घालण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं, हे विसरू नये.

देणगीदार नाराज झाले तर?

ही भीती प्रत्येक बैठकीत असते, कधी उघड तर कधी मुकी. तिला शरण गेल्याचं एक जुनं उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात 'अमेरिकन रेड क्रॉस'ने सैनिकांसाठी रक्तसंकलन सुरू केलं तेव्हा कृष्णवर्णीयांचं रक्त घ्यायलाच नकार होता. त्यावर संताप उसळला. जानेवारी १९४२ मध्ये संस्थेने तोडगा काढला: त्यांचं रक्त घेऊ, पण वेगळं ठेवू. वर्णानुसार रक्त वेगळं ठेवण्याला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. रक्तद्रव साठवण्याच्या कामाचा पाया घालणारे चार्ल्स ड्रू हे स्वतः कृष्णवर्णीय होते. पण सैन्याचा आग्रह आणि गोऱ्या समाजाचा पूर्वग्रह सांभाळायचा होता. ही वाटणी संस्थेने संपवली ती थेट १९५० मध्ये. दोन्ही बाजूंना खूश ठेवणारा तोडगा म्हणून जे १९४२ मध्ये शहाणपणाचं वाटलं असेल, ते आज संस्थेच्या इतिहासातलं सर्वांत लाजिरवाणं पान आहे.

उलट दिशेनेही दबाव येतो. २०२० मध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या 'बर्नार्डोज' या ब्रिटिश संस्थेने गोऱ्या वर्णामुळे मिळणाऱ्या सवलतींविषयी मुलांशी कसं बोलावं, यावर पालकांसाठी मार्गदर्शन लिहिलं. तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या काही खासदारांनी हे राजकारण असल्याचं म्हणत सेवाभावी संस्थांच्या नियामकाकडे धाव घेतली. नियामकाने संस्थेवर कारवाई केली नाही. आपलं काम आपल्या उद्दिष्टांत कसं बसतं हे संस्थेला आधीपासून नीट मांडता येत असेल, तर अशा वादळात ती टिकते.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. आरोप खरा नसेल तर? तसं होतं. जुनी भांडणं असतात, गैरसमज असतात, कधी एका खऱ्या घटनेवर दहा ऐकीव गोष्टींचं वजन चढतं. भीतीपोटी आरोप झालेल्या माणसाला लगेच बाहेर काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून सुरुवातीच्या निवेदनात निष्कर्ष नकोच. तक्रार मिळाली आहे, अमुक व्यक्ती चौकशी करणार आहे, अमुक तारखेपर्यंत निष्कर्ष सांगू, तोवर दोन्ही बाजूंच्या माणसांना कामात त्रास होणार नाही याची व्यवस्था केली आहे, एवढंच सांगावं आणि ती तारीख पाळावी. चौकशीत तक्रार टिकली नाही, तर ज्याच्यावर आरोप होता त्याचं नाव तितक्याच जाहीरपणे मोकळं करावं. आणि तक्रारदाराने जाणूनबुजून खोटं रचलं असं सिद्ध झालेलं नसेल, तर त्याच्या नोकरीला, बढतीला, शिफारसपत्राला धक्का लागणार नाही हे त्याला लेखी कळवावं.